दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ... मग आमच्या संत्र्याचा तोटा काऊन?

कळमना_कट्टा

राजेहो, धागा लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

परवा नागपूरच्या कळमना मार्केटात गेलो होतो. मामाचा संत्र्याचा आंबिया बहार नरखेडवरून आला होता, दोन गाड्या. व्यापारी म्हणे भाव काही चढत नाही, बांगलादेश माल घेऊन नाही राहिला. म्हटलं काऊन? तर म्हणे चीननं फितवलं त्यांना. बाजूच्या चहाच्या टपरीवर पण तेच, हमालाचं पण तेच. आता संत्र्यात चीन कुठून घुसला हे मला काही झेपलं नाही म्हणून रात्री मोबाईल घेऊन बसलो आणि वाचता वाचता डोकं अजूनच फिरलं.

बांगलादेशनं आपल्या संत्र्यावरची ड्युटी २०१९ मध्ये किलोमागं २० रुपयांच्या आसपास ठेवली होती, ती वाढवत वाढवत २०२३ पर्यंत ८८ वर नेली. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड सगळा पट्टा बसला त्यात. आता बघा, ही सगळी वाढ झाली शेख हसीना तिथल्या पंतप्रधान असताना! त्या गेल्या ५ ऑगस्ट २०२४ ला. म्हणजे ज्या काळात दोन्ही सरकारं आमची दोस्ती सोन्यासारखी आहे म्हणून सांगत होती त्याच काळात आमचं कॅरेट तिकडं चौपट ड्युटी भरत होतं. मग यात चीन कुठं?

माझा प्रश्न असा की आपण आणि चीन, या दोघांच्या चढाओढीत मधले छोटे देश खरंच चेपले जातात की मजेत दोन्हीकडून घेतात? आणि ते सार्क, दक्षिण आशियातल्या देशांची संघटना, शाळेत नागरिकशास्त्रात दोन मार्काला यायचं, ते गेलं कुठं? ते धड असतं तर मामाची संत्री ढाक्याला पोचली असती का? जाणकारांनी लिहा. पक्षांवरून भांडायला दुसरे धागे आहेत, इथं नको.

तर्रीबाज

पहिला!

सार्क म्हणजे आमच्या बिल्डिंगची सोसायटी आहे भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायची तर सगळ्यांची सही पाहिजे, आणि दुसऱ्या माळ्यावरचे न् चौथ्या माळ्यावरचे एकमेकांचं तोंड पाहात नाहीत. लिफ्ट २०१४ पासून बंद. चेअरमन कोण हे पण आता कोणाला आठवत नाही, पण ऑफिसला कुलूप नाही, पंखा चालू आहे.

निवृत्त_मास्तर

तर्रीबाज, थट्टेत बोललात पण नेमकं बोललात. काठमांडूला सार्कचं सचिवालय आहे, ते आजही चालू आहे. बंद आहे ती शिखर परिषद. शेवटची झाली नोव्हेंबर २०१४ मध्ये, काठमांडूतच. पुढची इस्लामाबादला २०१६ मध्ये व्हायची होती, पण सप्टेंबरात उरीचा हल्ला झाला, आपण जाणार नाही म्हणालो, पाठोपाठ बांगलादेश, भूतान, अफगाणिस्तान यांनीही अंग काढलं. तेव्हापासून सगळं थंड.

पण दोष निव्वळ उरीचा नाही, तो जन्मातच आहे. कल्पना निघाली बांगलादेशच्या झियाउर रहमान यांच्याकडून. आपल्याला तेव्हा वाटलं की सगळे लहान मिळून आपल्याला घेरतील, आणि पाकिस्तानला वाटलं भारत यातून दादागिरी करेल. म्हणून १९८५ ला ढाक्यात सनद झाली त्यात दोन कलमं घातली. निर्णय एकमतानेच, आणि दोन देशांमधला वादाचा विषय काढायचाच नाही. म्हणजे ज्यावर भांडण त्यावर बोलायचं नाही आणि ज्यावर बोलायचं त्यावर एकानं जरी मान हलवली नाही तरी संपलं. २०१४ ला गाड्यांच्या वाहतुकीचा करार सगळा तयार होता, पाकिस्तान नाही म्हणाला, बसला तिथंच. मग आपण, बांगलादेश, भूतान, नेपाळ या चौघांनी २०१५ मध्ये थिंफूला वेगळा केला, तर त्यात भूतानच्या संसदेचं जमेना. त्यांना भीती, एवढाल्या गाड्या आमच्या डोंगरात आल्या तर आमचं काय उरणार. त्यांचंही चूक नाही.

आता तुमच्या संत्र्याचं. सार्कचाच मुक्त व्यापार करार आहे, साफ्टा, २००६ पासून. कागदावर चालूच आहे. पण त्यात प्रत्येक देशाची एक राखीव यादी असते आणि मूळ ड्युटीच्या वर जे पूरक शुल्क, नियामक शुल्क असे थर लावतात ते साफ्टा फारसं धरत नाही. बांगलादेशला २०२२ मध्ये डॉलरची चणचण लागली तेव्हा त्यांनी फळं चैनीच्या मालात टाकून शुल्क चढवलं, सगळ्याच देशांच्या फळांवर. यात चीनचा हात शोधण्यापेक्षा त्यांच्या तिजोरीत बघा.

स्पष्टवक्ता_धंतोली

मास्तर तुम्ही नेहमी समोरच्याचीच बाजू घेता. बांगलादेशचा बहुतेक सगळा माल आपण २०११ पासून बिनड्युटीचा येऊ देतो, दारू तंबाखूसारख्या पंचवीसेक वस्तू सोडल्या तर, आणि त्यांनी २०२३ ला आपल्या संत्र्यावर ८८ लावले? याला काय म्हणायचं? वर त्यांचे तेव्हाचे सरकारप्रमुख युनूस मार्च २०२५ मध्ये चीनमध्ये जाऊन सांगतात की भारताची ईशान्येची सात राज्यं समुद्रापासून तुटलेली आहेत, समुद्राचे राखणदार आम्ही, या धंदा वाढवा. एप्रिलमध्ये आपण त्यांच्या मालाची आपल्या विमानतळा-बंदरांवरून पुढं जायची सोय बंद केली, मे मध्ये त्यांचे कपडे जमिनीवरून आणणं बंद केलं, बरोबरच केलं. लहान म्हणून किती दिवस लाड करायचे.

कळमना_कट्टा

भाऊ राग बरोबर आहे पण मी ट्रान्सपोर्टवाला आहे, मला विचारा. बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्यावर गाडी अडकली की ती इकडची आहे की तिकडची हे कोण पाहत नाही, ड्रायव्हर तिथंच स्वयंपाक करतो आणि माल सडतो. आणि कांदा विसरलात का? २०१९ ला आपण एका दिवसात कांद्याची निर्यात बंद केली, हसीना तेव्हा दिल्लीत येऊन हसत हसत बोलल्या होत्या की आधी सांगितलं असतं तर बरं, मी आता स्वयंपाक्याला कांदा टाकू नको म्हणून सांगितलंय. २०२० ला परत बंद, २०२३ च्या डिसेंबरात परत. त्यांचा व्यापारी पण तिकडच्या टपरीवर बसून हेच म्हणत असेल, भारताचा भरवसा नाही.

मैत्रेयी_इंदोरा

मी श्रीलंकेचं लिहिते, कारण तिथं मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचा नागपूरच्या इंदोऱ्याचा तीसजणांचा ग्रुप अनुराधपूरला बोधिवृक्षाच्या दर्शनाला गेला होता, मार्च २०२२. तिकिटं आधीच काढलेली म्हणून गेलो नाहीतर कोणी गेलं नसतं. पेट्रोलच्या रांगा अशा की बसमधून अर्धा तास तीच रांग दिसत राहिली. महिन्याच्या शेवटी तर तेरा तेरा तास लाईट नव्हती. हॉटेलवाल्या अंकलनी मेणबत्ती आणून दिली आणि म्हणाले तुमच्याकडून डिझेल येतंय म्हणून एवढं तरी चालू आहे. तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. त्या वर्षी भारतानं चार अब्ज डॉलरच्या आसपास मदत केली त्यांना.

पण घरी आल्यावर मी तिथल्या हंबनटोटा बंदराचं वाचायला घेतलं कारण आमच्या ग्रुपवर सगळे एकच सांगत होते, चीननं कर्जात अडकवून बंदर घेतलं. अर्धंच खरं आहे ते. बंदर ९९ वर्षांसाठी दिलं २०१७ मध्ये, ११२ कोटी डॉलरला. पण ते पैसे त्या बंदराचं कर्ज फेडायला वापरलेच नाहीत, देशाची परकीय गंगाजळी भरायला वापरले, कारण त्यांना खरा ताण होता बाजारातून उचललेल्या बाँडचा, आणि ते बाँड चीनचे नव्हते. आणि दिलं कोणी? ज्या सिरिसेनांच्या सरकारला सगळे भारताच्या जवळचं म्हणायचे, चीनचे प्रकल्प तपासून बघू म्हणत जे २०१५ ला निवडून आले, त्यांनी! कळमनादादा, तुमच्या हसीनाबाईंच्या ड्युटीसारखंच झालं हे. कोण कोणाचा मित्र यावरून बिल ठरत नाही, खिशात काय उरलं यावरून ठरतं.

अजून एक गोष्ट मला फार खटकली. देश दिवाळखोर झाल्यावर कर्ज देणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं ना, कोण किती सोडणार. तर भारत, जपान आणि फ्रान्स यांनी मिळून एक समिती केली, चीन त्यात आलाच नाही, त्याने वेगळं बोलणं केलं. म्हणजे घर एकाचं बुडालं आणि सावकारांच्या बैठका दोन. तिकडचं गणित बसेपर्यंत इकडचे सही करत नाहीत, इकडचं बघितल्याशिवाय तिकडचे नाही. तेवढे महिने त्या अंकलच्या हॉटेलात काय झालं असेल?

तर्रीबाज

ताई, शेवटचं वाक्य लागलं.

(मूड हलका करतो. आमच्या मावसभावानं जानेवारी २०२४ मध्ये बॉयकॉट मालदीवचा स्टेटस ठेवला होता. त्याचं आतापर्यंतचं सर्वात दूरचं पर्यटन म्हणजे चिखलदरा.)

स्पष्टवक्ता_धंतोली

हसा. पण मालदीव वठणीवर आलाच ना?

निवृत्त_मास्तर

वठणीवर आला म्हणण्यापेक्षा हिशेबावर आला म्हणा. मुइझ्झू 'इंडिया आउट' म्हणत तिथले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आपले सैनिक १० मे २०२४ पर्यंत परत पाठवले, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत येऊन ४० कोटी डॉलरची चलन अदलाबदल घेऊन गेले, आणि जुलै २०२५ ला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला आपले पंतप्रधान पाहुणे. चीनला सोडलं का? नाही. आपल्याला सोडलं का? नाही. पाच लाखांच्या आसपास वस्तीचा देश दोन दीड अब्जवाल्यांकडून घेतोय, कधी एकाला रुसवून कधी दुसऱ्याला. याला बुद्धिबळातलं प्यादं म्हणणारे लोक घासाघीस करणारी बाई कधी बर्डीच्या फुटपाथवर बघितलेलीच नसावेत.

बुटीबोरीकर

लेट आलो, शिफ्ट होती.

चीन चीन करून राहिले सगळे, सकाळी कामावर कशानं जाता? आपल्या नागपूर मेट्रोचे डबे चीनच्या डालियानमध्ये बनलेत. कर्ज जर्मन आणि फ्रेंच बँकेचं, डबे चीनचे, नाव ऑरेंज लाईन. २०१६ ला ऑर्डर गेली तेव्हा कोणाला काही वाटलं नाही, गलवान झालं १५ जून २०२० ला, वीस जवान गेले आपले, आणि सव्वा महिन्यात नियम आला की जमिनीची सीमा लागून असलेल्या देशाच्या कंपनीला सरकारी टेंडर भरायचं तर आधी नोंदणी आणि परवानगी. बरोबर होतं, पण त्यानंतरही आयात किती वाढली पहा, २०२४-२५ मध्ये चीनसोबतची व्यापारातली तूट ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली. टेंडरमध्ये दार बंद केलं आणि खिडकीतून कंटेनर येऊन राहिले.

आणि चीन पण कमी नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी रेअर अर्थच्या मॅग्नेटला परवाना लावला. भांडण अमेरिकेशी, पण आमच्याकडून मोटरचे छोटे पार्ट ज्याला जातात तो म्हणे भाऊ मॅग्नेट नाही, पुढची लॉट थांबवा. आठ दिवस मशीन पुसत बसलो. तर हा चेपला जाण्याचा प्रकार फक्त नेपाळ-भूतानचा नाही, आमच्या बुटीबोरी एमआयडीसीचा पण आहे.

पोखरा_रिटर्न

नेपाळवर कोणीच नाही लिहिलं अजून? मी दोन वर्षं तिकडं साईटवर होतो.

२०१५ च्या सप्टेंबरात त्यांची नवी राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या तराईतले मधेशी लोक चिडले, नाक्यावर गाड्या थांबल्या आणि पाच महिने गॅस-पेट्रोलचा खडखडाट. आपलं सरकार म्हणे आम्ही नाकाबंदी केलीच नाही, आंदोलन त्यांच्या बाजूला आहे. तिथल्या माणसाला मात्र विचारा, तो आजही भारताची नाकाबंदीच म्हणतो, भूकंपाला सहा महिने पण झाले नव्हते हो. २०१६ च्या मार्चमध्ये त्यांनी चीनशी वाहतुकीचा करार केला, पुढं चीनची चार समुद्री बंदरं वापरायची परवानगी मिळवली. आता तियानजिन कुठं आणि कोलकाता कुठं! तिकडून माल आणणं परवडणारच नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. पण कागद हातात असला की आमच्याशी बोलताना आवाज जरा मोठा निघतो, त्याची किंमत वेगळी.

पोखऱ्याचं विमानतळ बघाच एकदा. चीनच्या कर्जातून झालं, वीसेक कोटी डॉलर, १ जानेवारी २०२३ ला उद्घाटन. चकाचक. आणि आंतरराष्ट्रीय विमानं? नावाला. वीजेचं पण तसंच, नेपाळमध्ये ज्या धरणाच्या प्रकल्पात चीनचा पैसा नाहीतर ठेकेदार असेल त्याची वीज आपण घेत नाही. मग ते लोक आता ठेका देतानाच विचार करतात की वीज विकायची कोणाला.

पण एक चांगलं पण झालंय, ते कोणी सांगत नाही. नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांमधून बांगलादेशला जाते, तिघांचा करार ऑक्टोबर २०२४ ला झाला, हसीना गेल्यानंतर, दोन महिन्यांनी! ४० मेगावॅट म्हणजे काहीच नाही खरं तर, पण गेली ना.

आता माझा मुद्दा. सगळे म्हणतात हे दोघं भांडले की छोट्यांचं मरण. मी म्हणतो दोघं गोड झाले तरी मरण. लिपुलेख घ्या, उत्तराखंडच्या टोकाची खिंड, नेपाळ म्हणतो आमची. २०१५ मध्ये आपण आणि चीननं तिथून व्यापार वाढवायचं ठरवलं, नेपाळला कोणी विचारलंच नाही, त्यांच्या संसदेत गोंधळ. २०२५ च्या ऑगस्टमध्ये परत तेच, दोघांचं पॅचअप झालं आणि लिपुलेखचा व्यापार परत सुरू करायचं ठरलं, नेपाळनं परत निषेधाचं पत्र. शेतीच्या धुऱ्यावरून दोन भाऊ वीस वर्षं भांडले आणि मग समेट करताना तिसऱ्याच्या वावरातून रस्ता काढला, असं आहे ते.

कळमना_कट्टा

हे डोक्यात बसलं. यावर विचारच केला नव्हता.

गोंदियाची_सून

थोडं अवांतर, पण राहवत नाही. थंडीत नागपुरात स्वेटर घ्यायला जाता ना तिबेटी लोकांकडं, त्यातले बरेच आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतले असतात. १९७२ पासून आहेत. एक अम्मा आमच्या सासूबाईंच्या ओळखीच्या, त्या झाडीबोली माझ्यापेक्षा चांगली बोलतात (मी पुण्याची). चीनबद्दल कोणी काही म्हणालं की त्या हसतात फक्त आणि स्वेटरची घडी घालतात. बाकी चालू द्या.

निवृत्त_मास्तर

सूनबाई, अवांतर नाहीच हे. आणि त्याला जोडून माझंही एक. १९३८ साली जपाननं चीनवर हल्ला केलेला असताना काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडं पाठवलं. त्यातले सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. डॉ. चोळकर आपल्या नागपूरचे होते, हे नागपुरात किती जणांना माहीत आहे?

असो, गटांकडे येतो. कळमनाभाऊ, तुम्ही सार्क का मेलं विचारलंत, मी उलट विचारतो, ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन वगैरेंचा गट, तो का नाही मेला? तिथंही आपण आणि चीन एकाच सतरंजीवर आहोत. भूतानजवळचं डोकलाम आठवा, जून २०१७. सत्तरच्या वर दिवस सैन्य समोरासमोर, आणि २८ ऑगस्टला अचानक मागे. का? ३ सप्टेंबरपासून चीनमध्येच, शियामेनला ब्रिक्सची परिषद होती, पाहुणा आलाच नाही तर यजमानाची फजिती. आता दुसरं, गलवाननंतर चार वर्षं अडलेली लडाखमधल्या देपसांग-डेमचोकची गस्त. तोडगा जाहीर झाला २१ ऑक्टोबर २०२४ ला. कझानची ब्रिक्स परिषद कधी? २२ पासून. २३ ला मोदी आणि शी भेटले.

दोन्ही वेळा गटानं भांडण सोडवलं असं मी म्हणणार नाही. पण रुसलेल्या दोन भावांना बोलायला लग्नाचा मांडव लागतो, कोणी कोणाच्या घरी गेलं असं दिसत नाही. सार्कमध्ये हा मांडवच उरला नाही, आणि मधे बसणारा मामाही नाही. ब्रिक्समध्ये रशिया मधे बसतो. सार्कमध्ये आपल्या तोडीचा कोणी नाही, म्हणून आपल्याला ते छोटं वाटतं आणि बाकीच्यांना आपण मोठे वाटतो.

आणि एकमताचा रोग फक्त आपल्याकडचा नाही. आसियानला, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या गटाला, पंचेचाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं ते २०१२ ला नॉमपेन्हला झालं, बैठकीनंतर संयुक्त निवेदनच निघालं नाही. फिलिपिन्स, व्हिएतनामला दक्षिण चीन समुद्राचा उल्लेख हवा होता, यजमान कंबोडिया चीनच्या जवळचा, तो नाही म्हणाला. शांघाय सहकार्य संघटनेत, जिथं आपण, चीन, रशिया, पाकिस्तान सगळे आहोत, तेच आपण केलं, जून २०२५, चिंगदाओला राजनाथसिंहांनी सही केली नाही कारण मसुद्यात पहलगाम नव्हतं. सप्टेंबरात तियानजिनच्या जाहीरनाम्यात पहलगामचा निषेध आला. म्हणजे सही अडवणं हे दरवेळी वाईटच असं नाही, ते एक हत्यार आहे, कोणाच्या हातात आहे यावर आपलं मत बदलतं एवढंच.

स्पष्टवक्ता_धंतोली

हे शेवटचं मान्य. बिमस्टेकला, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाला, का वेळ देत नाही मग आपण? पाकिस्तान नाही त्यात.

निवृत्त_मास्तर

१९९७ चा जन्म, सनद झाली २०२२ ला. पंचवीस वर्षांनी बारसं. एप्रिल २०२५ ला बँकॉकला सगळे भेटले, त्यात आपले मोदी आणि युनूसही, तेवढं मांडवाचं काम झालं. बाकी म्यानमार पेटलेलं आहे, थायलंडचं लक्ष पूर्वेकडे. बघू.

कळमना_कट्टा

अपडेट देतो. आज कळमन्यात एका जुन्या निर्यातदाराला गाठलं. चीनचं नाव काढलं तर हसला. म्हणे अरे बाबा, ढाक्यात संत्री मिळून नाही राहिली असं थोडीच आहे, भूतानची जातात ना! आणि जातात कुठून, आपल्याच बंगालमधून ट्रकनं. २०२० च्या डिसेंबरात भूतान आणि बांगलादेशनं दोघांनीच आपसात सवलतीच्या व्यापाराचा करार केला. ना सार्क, ना बिमस्टेक, ना चीन. दोन छोट्यांनी केला, रस्ता आपला.

तर्रीबाज

म्हणजे आमच्या संत्र्याला चीननं नाही, भूताननं पाडलं??? हे व्हॉट्सॲपवर कोणी मानणार नाही.

पोखरा_रिटर्न

पाडलं नाही रे, त्यांची किती आणि आपली किती. पण बाजार शिकला असं म्हण.

कळमना_कट्टा

मामाला फोन करून सांगितलं. मामा म्हणे भूतानचं राहू दे, दुसऱ्या गाडीचं काय झालं ते बोल. पहिली दिल्लीला गेली, दुसरी अजून कळमन्यातच उभी आहे.

मैत्रेयी_इंदोरा

दादा, दोन कॅरेट इंदोऱ्याला पाठवता का? रविवारी विहारात कार्यक्रम आहे. भाव काय लावाल?

तर्रीबाज

ड्युटी धरून की सोडून?